ना तुझं, ना माझं: सोलापुरातलं एक फुकटातलं भांडण

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात. मी दोन मोठ्या माणसांचं भांडण सोडवायला गेले. ओपन सोर्स सॉफ्टवेअरना आधार देणाऱ्या एका ना-नफा संस्थेत मी स्वयंसेवक आहे. सॉफ्टवेअर फुकट, माझी सेवा फुकट. तिकीट तेवढं विकत काढावं लागलं.

भांडण असं. श्रीनिवासअण्णा आणि मल्लिनाथ सर या जुन्या मित्रांनी मिळून टॉवेल-चादरींची नक्षी काढायचं सॉफ्टवेअर लिहिलं. कुणीही वापरावं, कुणीही बदलावं. मग बिनसलं. वेबसाइट अण्णांच्या नावावर, म्हणून सरांनी त्याच सॉफ्टवेअरची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. आता एकात काढलेली नक्षी दुसऱ्यात उघडत नाही आणि वापरणारे दोघांनाही शिव्या घालतात. दोघांनीही आमच्या संस्थेकडे आसरा मागितला, अर्थात वेगवेगळा. संस्था म्हणाली, एकत्र या, नाहीतर येऊ नका.

पुण्याहून सकाळची गाडी धरली तर जेवायच्या वेळेला सोलापूर येतं. उन्हाळ्यात जाऊ नका. मी गेले, म्हणून सांगते. रिक्षाने आधी भवानी पेठ. अण्णांचं घर विणकरांचं. आईशी तेलुगू, माझ्याशी मराठी. सर किती हट्टी आहेत ते त्यांनी चहाबरोबर सविस्तर सांगितलं. मग जुळे सोलापूर या नव्या वस्तीत सरांकडे. सर कॉलेजात शिकवतात. त्यांनी तेच सगळं अण्णांबद्दल सांगितलं, पण त्यांच्या फ्लॅटमध्ये कूलर होता, त्यामुळे त्यांची बाजू मला लगेच पटू लागली.

संध्याकाळी दोघांना एका खानावळीत बोलावलं. कडक भाकरी आणि शेंगाभाजी मागवा, दही जवळ ठेवा. दोघे माझ्या दोन बाजूंना बसले, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको.

"वेबसाइट त्याला देणार न्हाय," अण्णा भाकरी मोडत म्हणाले.

"त्यांना देऊच नका. संस्थेला द्या."

"म्हंजे तुमी मालक व्हणार की."

मी समजावलं. नाव, वेबसाइट आणि देणग्यांचं खातं संस्था सांभाळते, विकू शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं ते तुमचीच समिती ठरवणार, सगळ्यांना दिसेल अशी चर्चा करून. सरांनी विचारलं, पुन्हा भांडण झालं तर? म्हटलं, खुशाल भांडा, फक्त वेबसाइट ओलीस धरता येणार नाही.

समितीत तिसरं माणूस हवं होतं. अण्णांनी चुलतभाऊ सुचवला, सरांनी आपला विद्यार्थी. मी दोघांनाही नाही म्हटलं. शेवटी सर ताटाकडे बघत म्हणाले, "रेणुका?" अण्णा पहिल्यांदाच हसले. रेणुका छोट्या कारखान्यांसाठी नक्षी काढते आणि दोघांकडेही सर्वांत जास्त तक्रारी तिच्याच. तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, आधी माझ्या जुन्या नक्षी दोन्हीकडं उघडू द्या, मग समितीचं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आपण होऊन स्कूटरवरून भवानी पेठेत आले. दोघे एका लॅपटॉपसमोर बसले. जुन्या भांडणाचा विषय निघाला नाही, माफी कुणी मागितली नाही. दुपारी रेणुकाची नक्षी दोन्हीकडं उघडली, तिने फोनवर होकार दिला.

उरली वेबसाइट. ती संस्थेच्या नावावर करायचं बटण समोर होतं आणि अण्णांचं बोट तिथेच थांबलं.

"सॉफ्टवेअरचं नाव मी ठेवलं होतं," ते म्हणाले.

"तूच ठेवलंस," सर म्हणाले. "मी ते कुठं कधी सांगितलं नाही."

अण्णांनी बटण दाबलं आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

येताना शेंगाचटणी घेतली. घट्ट झाकणाच्या डब्यात आणा, नाहीतर कपड्यांना आठवडाभर लसणाचा वास येतो. ते थांबलेलं बोट मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही संस्थावाले 'नाव सोपवा' किती सहज म्हणतो.

परवा त्यांची खुली चर्चा वाचली. काठाच्या रंगावरून दोघे कडाकडा भांडत होते आणि रेणुका दोघांनाही झापत होती. मध्ये पडावं म्हणून मी दोन ओळी लिहिल्या. मग वेबसाइट उघडून पाहिली. चालू होती. ओळी पुसल्या आणि जेवायला बसले.