ऑर्किडच्या कुंडीत काळी माती

बागवाल्यांनो, लवकर वाचा. माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझ्या खिडकीतल्या ऑर्किडला दोन वर्षांनी पहिला दांडा आलाय. पाच कळ्या, त्यातली एक आज-उद्या उमलणार. नंदुरबारच्या उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट बांधून जगवलंय त्याला.

आज ऑफिसातून येऊन बघते तर कुंडीतला कोळसा आणि सालींचे तुकडे गायब. काठोकाठ काळी माती, वरून तांब्याभर पाणी!

कालच कोरीटहून आलेल्या माझ्या सासूबाई शेजारी खुशीत बसलेल्या. म्हणाल्या, "मुळ्या उघड्या पडेल व्हत्यात. माती लाई दिधी. मरी जाई ना बिचारं!"

जन्मभर कपाशीला मातीची भर देणारे हात ते. उघडं मूळ दिसल्यावर गप्प कसे बसतील? पण ऑर्किडच्या मुळांना हवा लागते, ही चिकट माती त्यांना कुजवेल. हे मी घरात कधी कोणाला सांगितलंच नव्हतं.

आता झाड उपसलं तर कळ्या गळायची भीती. तसंच ठेवलं तर मुळं जाणार. माती काढायला दोनदा उठले. दोन्ही वेळा सासूबाई तिथेच, कळीकडे टक लावून.

आत्ताच त्यांनी विचारलं, "सकाय येई का फूल?"

"हो आई, उद्या येईल," असं मी सांगून बसलेय. फूलही यावं आणि आईंना कळूही नये, असं काही करता येतं का हो?