जमिनीला पाय न लागणारं कासव

आमच्या राजुरीच्या घरात टीव्ही आला तेव्हा माझी शाळा सुटलेली होती. चौथीनंतर मी घरीच होते. धाकट्या भावाला सांभाळायचं, आई रानात गेली की भाकरी टाकायच्या. टीव्ही कुणीतरी वापरून दिलेला, पण रंगीत होता. त्यावर वर्षातून एकदा, भाऊबीजेच्या दुपारी, कार्टूनचा एक खास कार्यक्रम लागायचा. तासाभराचा. एक कासव पाठीवर पणती घेऊन अंधाऱ्या जंगलातून निघायचं आणि जिथं उजेड नाही अशा एका घरी ती पोचवायचं. दर दिवाळीला घर नवीन आणि वाट नवीन. गोष्ट एवढीच.

त्यात कुणी बोलायचं नाही. बासरी वाजायची, मध्येच पाण्याचा आवाज यायचा. कासवानं पाऊल टाकलं की खालची माती थोडी दबायची. ज्योत एका अंगाला कलायची, आणि त्याची सावली झाडांच्या बुंध्यांवरून मागं मागं सरकत यायची. बघता बघता मला वाटायचं, आपण घरात बसलेलोच नाही. त्याच्या मागं त्याच ओल्या मातीतून चाललो आहोत आणि आपल्या पायांचाही आवाज होत नाही. कार्यक्रम संपल्यावर अंगणातलं ऊन पाहून मला नवल वाटायचं, की अजून दिवसच आहे.

भाऊबीजेची दुपार म्हणजे ओवाळून झालेलं, जेवणं आटोपलेली. आई आडवी व्हायची, भाऊ सवंगड्यांकडं पळायचा. जागे राहायचो मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आम्ही दोघंही एकाच मातीचे, अबोल. दिवसभरात "पाणी दे" आणि "जेवायला चला" याच्यापुढं आमचं बोलणं जायचं नाही. पण त्या दुपारी आबा पोतं अंथरून माझ्या शेजारी बसायचे. कासव ओढ्यात उतरायच्या आधी थबकलं, की हळूच म्हणायचे, "बैल बी असाच थांबतोय बघ. पाण्याचा अंदाज घेतोय." मी मान हलवायचे. ते एक वाक्य मला पुष्कळ दिवस पुरायचं.

पुढं माझं लग्न झालं आणि मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या भाताच्या गावात आले. तिथं आमच्या घरी टीव्ही नव्हता. दिवाळीत भात कापायला आलेलं असतं, म्हणून माहेरी जायला मिळायचं ते भाऊबीजेपुरतं. एसटी आली तर आली. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळेफाटा असं बदलत बदलत मी पोचायचे तेव्हा दुपार झालेली असायची. आबांनी टीव्हीची काच धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवलेली असायची. भावाला ओवाळून झालं की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे.

मग कासव बदलायला लागलं. कुठल्या सालापासून ते सांगता यायचं नाही. धरणाचं पाणी उतरतं तसं ते झालं. रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि एक दिवस मधला खडक उघडा पडलेला दिसतो. आधी ते बोलायला लागलं, तेही भरभर हिंदीत. आबांना हिंदी यायची ती नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव करण्यापुरती, आणि मला तेवढीही नाही. मग त्याच्या जोडीला एक माकड आलं. ते सारखं पडायचं आणि मागून कुणीतरी खदाखदा हसायचं. मग गाणी आली, जाहिराती आल्या. एका साली ओढा दिसला आणि मी ओळखलं, हा जुनाच ओढा आहे, नुसता वरून रंग दिलाय. शेवटी म्हणे सगळं कॉम्प्युटरवर करायला लागले. कासव प्लास्टिकच्या नव्या घागरीसारखं चकाकायला लागलं. पाय हलायचे, पण जमिनीला लागायचे नाहीत. सावली नाहीशी झाली. ज्योत वारा असो नसो, ताठ उभी.

माझी लेक तेव्हा लहान होती. माकडाला ती पोट धरून हसायची. मला वाटायचं, आपलंच वय झालं असेल. लहानपणी खाल्लेलं बोर नेहमीच गोड असतं. पण मग मातीचं काय? माती आधी दबायची आणि आता दबत नव्हती. त्याला माझं वय काय करणार?

 आबा मात्र उठून अँटेना फिरवून यायचे, रंगाचं बटण मागंपुढं करायचे, पुन्हा काच पुसायचे आणि बसायचे. मला भीती होती ती वेगळीच. हे कासव आमच्या दोघांच्याही मनातून उतरलं, तर आबांजवळ जाऊन बसायला मला निमित्त काय राहणार? म्हणून मी खोटंच टक लावून बघायचे. बघता बघता डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांआड ते जुनं कासव जंगलातून चाललेलं असायचं.

नंतर दोन दिवाळ्या मला जाता आलं नाही. एकदा पाऊस लांबला आणि भात उशिरा तयार झालं. दुसऱ्या साली सासूबाई अंथरुणावर होत्या. दोन्ही वेळा मी घोडेगावातल्या टेलिफोनच्या दुकानातून फोन केला, भावानं घेतला, आणि "यंदा जमत न्हाई" एवढं सांगून मी ठेवला. फोनवर मला बोलायला सुचत नाही.

तिसऱ्या साली गेले तेव्हा चुलीपाशी आईनं मला सगळं सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. माझा दुसरा निरोप आला, त्याच आठवड्यात आबांनी टीव्ही गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि नारायणगावच्या जीपमध्ये जाऊन बसले. जीपवाल्यानं विचारलं, "पावणं, पेशंट कुठं नेताय?" आबांनी त्याला उत्तर दिलं नाही. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानदाराला मात्र सगळं समजावून सांगितलं, की चित्र दिसतंय चांगलं, पण त्यातल्या कासवाचे पाय जमिनीला लागत नाहीत, तेवढं बघा. त्यानं मागचं झाकण काढून धूळ झटकली, सगळं तपासलं आणि म्हणाला, "आबा, टीव्ही ठणठणीत हाय. कासवच बिघडलंय. ते मी कसं दुरुस्त करू?"

आबा टीव्ही तसाच मांडीवर घेऊन परत आले.

"त्यांना वाटलं, चित्र बिघडलं म्हणून लेक यायची थांबली," आई म्हणाली.

मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला.

त्या दुपारी पोतं अंथरलेलं होतं. कार्यक्रम लागला. पोरगी अंगणात मामाबरोबर होती. माकड पडलं, हसणं झालं, कासव नाचायला लागलं. आबा उठले आणि बटणाकडं हात नेला. मला ते बघवेना. माझ्या तोंडून शब्द गेले तेव्हा मलाच ते दुसऱ्या कुणाचे वाटले.

"आबा, भात लांबलं व्हतं. मग सासूबाई आजारी व्हत्या. कासवाचं काय न्हाई त्यात."

त्यांचा हात बटणावरच राहिला. वळून माझ्याकडं बघितलं नाही.

"व्हय का," ते म्हणाले.

"व्हय."

बराच वेळ कासव नाचत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "मंग हे बंद करू?"

"करा."

काच काळी झाली आणि तिच्यात आम्ही दोघं दिसायला लागलो, अंधुक, पाण्यात दिसतो तसे. बाहेर तोरणातली झेंडूची फुलं वाऱ्यानं चौकटीला घासत होती. आबा परत येऊन बसले. म्हणाले, "तेच बी किती साल पेरणार लोकं? पिकाचा उतारा घटतोच."  ऊन दारातून आत येऊन आमच्या पायांपर्यंत आलं, तरी आम्ही तिथंच होतो.

तो कार्यक्रम पुढं कधी बंद पडला ते आमच्या घरात कुणालाच सांगता येणार नाही.

त्या साली भात झोडून झाल्यावर, सण ना वार, मी मार्गशीर्षात राजुरीला गेले. घरी थांबलेच नाही, थेट रानात गेले. आबा टोमॅटोची झाडं तारेला बांधत होते.  मला बघून त्यांनी सुतळीच्या बंडलातून हातभर तुकडे तोडले, माझ्या हातात दिले आणि शेजारची सरी दाखवली. ते त्या सरीनं आणि मी ह्या सरीनं, अशा आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत गाठी मारल्या.