पिठावर उठलेलं पाऊल

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव वाचते ते जेवताना करमणूक म्हणून. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, पैंजणांचा आवाज... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. भोरला माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासणाऱ्या बाईला भुताखेतांसाठी वेळ नसतो. तेव्हा खालचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. थोडा येईल, पण समजून घेईन.

आमचं गाव हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या बाजूला. नाव लिहीत नाही, कारण गावात माझी भावकी आहे आणि त्यातल्या अर्ध्या लोकांना दिवसभर मोबाईल बघण्याशिवाय उद्योग नाही. बाबा गेल्यावर आई तिथे एकटीच राहायची. मी भोरला चल म्हणून कितीदा डोकं फोडलं, पण ती हलली नाही. आणि ती तशी एकटी नव्हतीच... शेजारी शिलाबाई होत्या.

त्यांचं खरं नाव सिसिलिया. श्रीरामपूरकडच्या, कॅथलिक. मी शाळेत असताना आमच्या उपकेंद्रात नर्स म्हणून बदलून आल्या. सिसिलिया म्हणताना गावाची जीभ वळेना, म्हणून गावाने त्यांची शिलाबाई केली आणि त्यांनीही ते करून घेतलं. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या पडवीला लागून एक खोली आहे, तिथे राहिल्या त्या रिटायर झाल्यावरही राहिल्या. नाताळात आई त्यांच्यासाठी करंज्या तळायची, आणि आईच्या एकादशीला या बाई स्वतः उपाशी राहायच्या — सोबत म्हणून.

दोघींचं भांडण एकाच विषयावर व्हायचं. मेल्यावर काय होतं?

"आम्ही एकदाच जन्मतो, तारा," शिलाबाई म्हणायच्या. "मेलं की देवाकडे. आणि शेवटच्या दिवशी सगळे उठणार, याच अंगानं. मी मीच असणार, दुसरी कुणी नाही."

"ह्याच गुडघ्यांनी उठायचं? मग नगं बया, झोपूनच ऱ्हा तू."

"गुडघे बरे होऊन गं!"

मग आई वालाच्या शेंगा सोलता सोलता म्हणायची, "आन् माझं काय? तवर माझं किती जल्म झालं असत्याल. येकात कोंबडी, येकात कुनाची तरी सून. तू आपली शिलाच ऱ्हाशील, पर मला कशी वळकशील?"

यावर दोघी हसायच्या. पण एकदा मी तिथे होते तेव्हा शिलाबाई हसल्या नाहीत. आईच्या हातावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. आईनेही शेंगा सोलायचं थांबवलं. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या बायकांचं काहीतरी चाललंय. ते भांडण एवढं खरं आहे, दोघींना आतून त्याचीच भीती वाटते, हे लक्षात आलं नाही.

शिलाबाईंना साखरेचा त्रास. रिपोर्ट माझ्याच लॅबमधून जायचे, म्हणून मला ठाऊक. दुसऱ्यांना पथ्य सांगणारी ही बाई स्वतः गुळाचा खडा तोंडात टाकून फिरायची. शेवटी उजव्या पायाचा अंगठा चिघळला आणि पुण्याला नेऊन कापावा लागला. त्यानंतर पाय धुणं, ड्रेसिंग करणं, सगळं आईने केलं. त्याच पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली होती. आई चिडवायची, "देवानं तुजी बोटं घाईघाईत केली." हा पाय तेवढा ध्यानात ठेवा.

भातकापणी उरकल्यानंतरचे दिवस होते. शिलाबाई दुपारी खाटेवर पडल्या पडल्या गेल्या. आई उशाशी होती. मी स्कूटरने पोचले तोवर त्यांचा पुतण्याही येऊन पोचला होता. आमच्याकडे त्यांच्या लोकांची दफनभूमी नाही, म्हणून उजेड आहे तोवरच ॲम्ब्युलन्समधून शिलाबाईंना पुण्याला नेलं. दफन दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. आम्ही सकाळी निघायचं ठरवलं.

ॲम्ब्युलन्स वळणाआड गेली आणि आई परातीत तांदळाचं पीठ घेऊन शिलाबाईंच्या खोलीकडे निघाली.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस जिथे गेलं त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून बघायचं, पिठावर काय उमटलंय. पाखराचे पाय दिसले तर पाखराचा जन्म, खूर दिसले तर गाईचा, आणि लहान पाऊल दिसलं तर माणसाचा. बाबा गेले तेव्हा सगळ्यांना चिमणीचे पाय दिसले होते. मला ती पाल फिरलेली दिसली होती. मी बोलले, आणि तेराव्यापर्यंत माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

"आई, त्यांच्यात हे चालत नाही," मी म्हटलं. "त्यांना दुसरा जन्मच नसतो."

"मला ठावं हाय. मला सांगू नगं."

"मग कशाला?"

"तिनं कितीबी म्हनलं तरी ती हितल्या मातीत ऱ्हायली. कुठं गेली त्ये मला कळाय नगं? कोंबडी झाली आसंल तर मी कोंबडीला दानं टाकीन." हे बोलताना तिचा आवाज फुटला.

खाट उचलून पडवीत आणली होती. त्या जागी फरशीवर आईने पीठ पसरलं, हाताने सारखं केलं, दिवा ठेवला, पाटी घातली आणि दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. खिडकीला जाळी आहे. मी मुद्दाम बघून घेतलं — पालीसाठी!

सकाळी उजाडल्यावर आमच्या भावकीतली सखूआत्या आली. गावात पिठावरचं वाचायचं काम तिचं. आईने कुलूप काढलं, सखूआत्याने पाटी उचलली, आणि आम्ही तिघी नुसत्या बघत राहिलो.

पिठावर पाऊल होतं. अर्धवट रेघोट्या नव्हेत, किंवा असं बघितलं तर चिमणी आणि तसं बघितलं तर गाय, तसलंही काही नव्हे. माणसाचं अख्खं उजवं पाऊल... मोठ्या माणसाचं, टाचेपासून बोटांपर्यंत दाबून उमटलेलं. भोवतालचं पीठ हललंसुद्धा नव्हतं.

सखूआत्या वाकून बघत म्हणाली, "मानसाचा जल्म म्हनावा, तर पाऊल ल्हान पायजे. एवढ्या मोठ्या पावलाचं कोन जल्मतं? म्या आसलं कंदी बगितलं न्हाई बाय."

आई खाली बसली. तिने बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं चिकटलेली होती. आणि अंगठा होता. पुरता, गोल, ठसठशीत.

"तिचाच पाय हाय," आई म्हणाली. "बरा झालेला."

खरं सांगते, मला आधी राग आला. कुणीतरी केलंय हे, आणि किल्ली तर आईकडेच होती. मी आईला म्हटलं, तुझा पाय बघू. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने पाय पुढे केला. आखूड, फताडा, भेगांनी भरलेला पाय. पिठावरचं पाऊल लांब आणि निमुळतं होतं. शिवाय तिच्या गुडघ्यांनी तिला एका पायावर उभंही राहता यायचं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे आणि स्वच्छ आलाय. इथे टाकत नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला आत्ताच ठाऊक आहे... पिठावर कुणीही पाय ठेवू शकतं. बरोबरच आहे.

जीपने भोर, तिथून ST ने पुणे. दफनभूमीत शवपेटी झाकण्याआधी आईने पुतण्याला विचारलं, "बाबा, तिचं पाय बगू का येकदा?" त्याला वाटलं, आमच्यात पाया पडतात, त्यासाठी असेल. त्याने उजव्या पायाचा मोजा काढला. अंगठा नव्हता. जिथे कापला होता तिथे तोच जुना वण. आईने कपाळ टेकवलं आणि मोजा तिनेच परत चढवला.

सगळं आटोपल्यावर आईने फादरांना गाठलं. नाताळ आणि ईस्टरला ते शिलाबाईंकडे यायचे, त्यामुळे ओळख होती. मी फोटो दाखवला. मला वाटलं, हे तरी 'चमत्कार' म्हणून खूश होतील. पण ते अवघडले.

"हे आमच्या श्रद्धेत बसत नाही," ते म्हणाले. "त्यांचा आत्मा देवाकडे गेला. शरीर उठेल ते शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही."

"पर आंगठा आला की वो!" आई म्हणाली.

"उठलेलं शरीर दुखण्यातून मोकळं असतं, हे आम्ही मानतो. पण—"

मी शाळेत असताना शिलाबाईंकडून ऐकलेलं मधेच बोलून गेले. "तुमचा येशू उठला तेव्हा त्याच्या हातापायांवर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या ना? मग यांचीच जखम कशी बरी झाली?"

फादर म्हणाले, "त्या जखमा प्रेमापायी झालेल्या होत्या. साखरेपायी नाही." मग स्वतःच हसले. "काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. मला माहीत नाही, बाई."

आईला या सगळ्यात रस नव्हता. तिने विचारलं, "ती उठंल तवा मी तिला दिसंन का? मी तुमच्यातली न्हाई. मला तितं घेत्यात का?"

"देवाच्या दयेला आम्ही हद्द घालत नाही, आई."

"म्हंजी व्हय का न्हाई?"

फादरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "शिलाबाईंसाठी रोज प्रार्थना करतो, तशी तुमच्यासाठीही करीन. दोघींची नावं एकत्र घेईन."

परतीच्या ST त किकवी गाव मागे पडल्यावर आई म्हणाली, "सायबावानी बोलला. पर मानूस चांगला हाय."

गावी आल्यावर तिने ते पीठ पदरात भरून गावाखालच्या धरणाच्या पाण्यात सोडलं. मी विचारलं, तुला काय वाटतं? दोन धर्म एका खोलीत येऊन गोंधळले का? आमच्या हिशेबाने पाऊल लहान हवं होतं, त्यांच्या हिशेबाने ते उठायची वेळच आली नव्हती, आणि माझ्या हिशेबाने पिठावर पीठच असायला हवं होतं. आई म्हणाली, "तिला ठावं व्हतं म्या बगनार. म्हनून दावून गेली. ती शिलाच हाय, एवडंच." मग म्हणाली, "माझ्या टायमाला पीठ घालू नगंस."

"का?"

"मला कुठं जायाचं न्हाई. दुसरा जल्म घेतला तर तिला घावायची न्हाई मी. म्या थांबनार हाय."

"आई, ते काय आपल्या हातात असतं का?"

"तुला काय ठावं? तू तर म्हनतीस, काईच नसतंय."

आई गेल्या वर्षी गेली. सकाळी चहा घेतला, अंगणात ऊन खात बसली आणि तिथेच मान टाकली. बाकीचं सगळं मी रीतसर केलं, कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. पण दिवेलागणीला सखूआत्या परात आणि पाटी घेऊन आली, तेव्हा मी अंगणात आडवी उभी राहिले. पीठ घालायचं नाही म्हटलं. भावकी जमली. चार बुकं शिकली म्हणून आईची रीतसुद्धा मोडली, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. सखूआत्या रडत परत गेली. आजही काही घरांत मला चहा विचारत नाहीत.

मी कुणालाच खरं कारण सांगितलं नाही, ते इथे सांगते. आईने बजावलं होतं, पण मी काही तिचं सगळंच ऐकणारी मुलगी नव्हते. मला भीती वाटली. पिठावर एखादं पाखराचं पाऊल, किंवा लहान मुलाचं पाऊल दिसलं असतं तर? म्हणजे थांबायचं म्हणूनही तिला थांबता आलं नाही, तिला पुढे जावं लागलं, असं झालं असतं. मग शेवटच्या दिवशी शिलाबाई उठून बसतील तेव्हा आई तिथे नसेल, हे मला उरलेलं आयुष्यभर माहीत असलं असतं.

मी यातलं काही मानत नाही. जन्म नाही, पुनरुत्थान नाही. तुम्ही म्हणाल, मग पसरू द्यायचं होतं की पीठ. बरोबर आहे तुमचं. मला फक्त एवढं कळतं, की त्या संध्याकाळी सगळं गाव अंगावर आलं तरी मी तिथून हलले नसते.