आठ नंबरची रेघ

माझा राग लवकर जात नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. गेवराईच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे तेव्हाची ही गोष्ट. एका सकाळी वीस मुलींची ऑनलाइन प्रवेश परीक्षा मध्येच तुटली. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि वेळ संपली. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, ते दारात उभं राहून पालकांना म्हणाले, "मॅडम दिवसभर मोबाईलवर सिरियली बघत्यात. नेट चालंल कसं?" एका मुलीचे वडील माझ्यासमोर आले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "पोरीचं वरीस गेलं, बाई, तुमच्यापायी."

मी सकाळपासून मोबाईल पर्समधून काढलाही नव्हता. पण ऐकतंय कोण!

त्या दिवसापासून मी हात धुऊन भाऊसाहेबांच्या मागे लागले. लॅबच्या कोपऱ्यात लिनक्सचा एक जुना कॉम्प्युटर होता, अख्ख्या कॉलेजचं नेट त्याच्यातून जायचं. एका तारेने बाहेरचं नेट आत यायचं, दुसरीने ते खोल्याखोल्यांत पोचायचं. काळ्या खिडकीत 'आयएफटॉप' टाइप केलं, की कोणती मशीन किती नेट वापरतेय ते पांढऱ्या रेघांनी दिसतं. रेघ जितकी लांब तितका तो हावरट. मी जेवणाचा डबा रोज तिथेच उघडायचे, भाकरी हातात आणि डोळे रेघांवर. भाऊसाहेबांच्या मशीनचा नंबर बारा. बेट्या, आज नाही तर उद्या सापडशील, असं मी म्हणत राहायचे. मनातल्या मनात त्यांना अहोजाहो करायची काही सक्ती नव्हती.

पंधरा दिवस काही हाती लागलं नाही. आपल्याकडे नेट 'खातात', म्हणून मीही खाणाराच शोधत होते, फक्त आत येणारे आकडे बघत होते. एका दुपारी लॅबमधलं सगळं पुन्हा अडकलं आणि माझी नजर बाहेर जाणाऱ्या आकड्यांवर गेली. आठ नंबरची रेघ पार कडेला टेकली होती. कुणी खात नव्हतं, कुणीतरी भरभरून बाहेर पाठवत होतं, आणि त्यातच आमची वाट बंद होत होती.

आठ नंबरची तार हाताने चाचपत गेले. ती भाऊसाहेबांच्या कपाटामागे, कॉलेजातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यात शिरत होती. कुणी मोबाईलवर कॅमेरे उघडले, की तो डबा सगळी चित्रं बाहेर पाठवायला लागतो. म्हणजे हा माणूस आम्हाला बघत बसतो आणि नाव माझं घेतो! खरं सांगते, त्या संध्याकाळी मी पावशेर पेढे आणले आणि एकटीने खाल्ले.

पुढच्या स्टाफ मीटिंगला संस्थेचे अध्यक्ष आले होते. मी प्रोजेक्टर लावून त्या रेघा भिंतीवर टाकल्या, आठ नंबर म्हणजे काय तेही सांगितलं. "साहेब, परीक्षा कुणी बुडवली ते आज सगळ्यांना दिसेल."

भाऊसाहेबांचा चेहरा पांढराफटक. "काहून उकरून काढताय, मॅडम? ऱ्हाऊ द्या की. लई वंगाळ हुईल."

"तुमचा मोबाईल टेबलावर ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी ठेवला. मी त्यात कॅमेरे उघडायचं ॲप शोधायला लागले. आठ नंबरची रेघ इवलीशीच होती. दोन मिनिटं गेली, ॲप काही सापडेना. अध्यक्ष कंटाळले, सवयीने खिशातून स्वतःचा फोन काढून त्यावर अंगठा फिरवत बसले.

रेघ सरकन कडेपर्यंत गेली.

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे, मग कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे. अध्यक्षांनी मान वर केली. त्यांनी फोन खिशात घातला आणि रेघ परत आखडली.

"परीक्षेच्या दिवशीबी साहेबच बघत व्हते," भाऊसाहेब हळूच मला म्हणाले. "म्या कुणाचं नाव घ्यायचं व्हतं?"

"माझं घेतलंत ना!" मला त्यांची जराही दया आली नाही.

"बरं, झालं ते झालं," अध्यक्ष म्हणाले. "चहा सांगा."

"चहा नंतर. आधी त्या मुलीच्या वडिलांना फोन लावा. फॉर्मवरचा नंबर मला पाठ आहे."

अध्यक्ष जागचे हलले नाहीत. शेवटी मी नंबर सांगत गेले आणि भाऊसाहेबांनी टेबलावरचा आपला फोन उचलून लावला, स्पीकरवर.

"परीक्षा बुडाली त्यात मॅडमची चूक नव्हती," ते म्हणाले.

"मंग कुणाची व्हती?"

भाऊसाहेबांनी अध्यक्षांकडे बघून घसा खाकरला. "नेटचीच म्हणा की."

मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि अध्यक्षांचं नाव सांगितलं, आडनावासकट.