रागासकट

धुलाईघरात तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि तोंडावरच म्हणायचे. पाठीमागे म्हटलेलं तिच्या कानावर गेलं तर ती दुप्पट पेटायची, त्यापेक्षा तोंडावर बरं. हॉस्पिटलच्या तळघरात ते धुलाईघर होतं. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, गाऊन, पडदे ढकलगाड्यांतून खाली यायचे आणि ती त्यांची निवड करायची. रक्ताचे एकीकडे, औषधांचे दुसरीकडे, नुसते मळके तिसरीकडे. वाफेने तिचा चेहरा मुळातच लाल व्हायचा. त्यात कुणी ओली चादर कोरड्या ढिगात टाकली की तिचा आवाज जिना चढून थेट वरच्या नर्सबाईंच्या टेबलापर्यंत जायचा. नर्सबाई म्हणायच्या, ‘आली वाटतं तोफ कामावर.’

घरी ही तोफ एकाच दिशेला रोखलेली असायची. सासूबाईंच्या.

त्याला कारण होतं. लग्नानंतरचं तिचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. ती अजून अंथरुणातच होती, आणि दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, “हिच्या रागानेच पोर आतल्या आत जळालं.” हळू आवाजात म्हणाल्या, पण भिंती काही जाड नव्हत्या. पुढे मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन कॉलेजात गेली, नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर झाला आणि आठवड्यांमागून आठवडे बाहेर राहू लागला. सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलं. अर्धं शरीर गेलं, जीभ मात्र देवाने शाबूत ठेवली. सून त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची आणि सगळं करताना तोंडाचा पट्टा सुरू ठेवायची. सासूबाईही काही मागे राहणाऱ्या नव्हत्या. पण ते वाक्य दोघींपैकी कुणीच पुन्हा कधी उच्चारलं नाही.

दर रविवारी ती चर्चला जायची. पाळकसाहेब भला माणूस, पण उपदेश असा की माशीला पण डुलकी लागावी. म्हणून मंडळीतल्या बायकांनी तिला उन्हाळी शिबिराला ओढून नेलं तेव्हा ती गेली, मुख्यतः तीन दिवस स्वयंपाक चुकतो म्हणून.

तिथे बाहेरगावचे प्रचारक आले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. शेवटच्या संध्याकाळी भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काय झालं ते तिला पुढे कितीदा सांगूनही नीट सांगता आलं नाही. डोक्यापासून तळपायापर्यंत ऊब उतरली. गुडघे आपोआप टेकले. ती रडली आणि रडता रडता हसायला लागली. त्या गेलेल्या बाळाचा विचार आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो टोचला नाही. कुणीतरी आपल्याला पुरतं ओळखतं, रागासकट ओळखतं, आणि तरी जवळ घेतं, इतकंच तिला त्या क्षणी कळलं. ते नाटक नव्हतं. तोफेला नाटक येतच नव्हतं.

घरी आली ती चप्पल न काढताच सासूबाईंच्या खाटेजवळ बसली. त्यांचा हात हातात घेतला.

“आई, मी तुम्हाला माफ केलं.”

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “मला? कशाबद्दल गं?”

एरवी यावर घराचं छप्पर उडालं असतं. त्या दिवशी ती हसली आणि म्हातारीच्या गालाचा मुका घेतला. सासूबाईंनी नातीला हाक मारली, “अगं ये इकडे. हिला त्या शिबिरात काही पाजलंबिजलं की काय बघ!”

मग दिवस पालटले. धुलाईघरात ती गुणगुणू लागली. ओली चादर कोरड्यांत पडली तर स्वतः उचलू लागली. ‘तोफ थंड झाली’ ही बातमी मंडळीत पसरली, आणि भाऊंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉल घेऊन सभा सुरू केल्या तेव्हा आपल्यात काय बदललं याची साक्ष द्यायला तिलाच पुढे बोलावलं. माइक हातात घेऊन ती सांगायची, बायका डोळे पुसायच्या, आणि तळव्यांत पुन्हा ती ऊब यायची. आधी आठवड्यातून एक सभा होती, मग दोन, मग जवळजवळ रोज. कामावरून परस्पर हॉलवर. घरी आजीचं जेवण, आजीचं अंग पुसणं, आजीची कूस हे सगळं लेकीच्या गळ्यात आलं. लेकीचं परीक्षेचं वर्ष होतं. ती काही म्हणाली की आई गोड हसून म्हणायची, “प्रभू सामर्थ्य देईल हं तुला.” त्या गोड हसण्याने लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि मग ऊब यायची थांबली. तोच हॉल, तीच गाणी, डोक्यावर तोच हात, आणि तिच्या आत काहीच हलायचं नाही. तिने उपास केले, पुढच्या रांगेत जागा धरली, जोरजोरात हल्लेलुया म्हटलं. आपल्यासमोरचं दार बंद झालं आणि आत सगळे जेवायला बसलेत, असं तिला वाटायचं. शेवटी ती भाऊंना एकीकडे गाठून बोलली.

भाऊंनी डोळे मिटले. “ताई, तुमच्या घरात अडथळा आहे. त्या म्हातारीच्या कडवटपणामुळे तुमच्यातला पवित्र आत्मा विझतो. त्यांच्याजवळ फार वेळ घालवू नका.”

तिने ते मानलं. का मानलं, तर ते तिला सोयीचं होतं. पुढे स्वतःवर चिडताना तिला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा.

पावसाळा संपताना एका सकाळी ढिगातून चादरी निवडताना एका चादरीवर तिला डाग दिसला. मधोमध पिवळट, कडेने तांबूस. असले डाग तिला पाठ होते. बरेच दिवस एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाची पाठ फुटते, तिचा डाग. शेजारी काम करणाऱ्या बाईला ती म्हणाली, “वर कुणी बघत नाही वाटतं या बिचाऱ्याकडे. माणसं आहेत की दगड!” आणि चादर गरम पाण्याच्या पिंपात टाकली.

त्याच दुपारी लेक परीक्षेला गेली होती, म्हणून ती घरी लवकर आली. बऱ्याच दिवसांनी सासूबाईंची चादर स्वतः बदलायला घेतली. मधोमध पिवळट, कडेने तांबूस.

तिने सासूबाईंना कुशीवर केलं आणि पाठ उघडली. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती. वास आला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “आता बघतेस होय.” बस, इतकंच. त्या बोलायच्या थांबल्या की काहीतरी फार बिघडलेलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

लेक घरी आली तेव्हा ती खोलीच्या मध्ये उभी होती. “ही जखम कधीपासून आहे? मला सांगता येत नव्हतं तुला?”

लेकीने बॅग जमिनीवर टाकली. “सांगितलं नाही? किती वेळा सांगितलं! तू म्हणालीस, मी प्रार्थना करते. आजीच्या पाठीवर चादरीवरूनच हात ठेवलास आणि प्रार्थना केलीस. पाठ उघडून बघितली नाहीस!”

“आवाज खाली.”

“नाही करणार! तू पूर्वी ओरडायचीस, आपटायचीस, पण घरात असायचीस. मला ती आई चालत होती. तुझा प्रभू आला आणि तिला घेऊन गेला, आणि बदल्यात ही हसरी बाहुली देऊन गेला. मला नको तो.”

तोफेने हात उचलला. तो हवेतच राहिला, पण उचलला हे लेकीने पाहिलं.

डॉक्टर येऊन जखम साफ करून गेले. संध्याकाळी ती हॉलवर गेली. भाऊ स्टेजवर होते. तिला बघून त्यांनी माइक पुढे केला, साक्षीसाठी. तिने घेतला आणि म्हणाली, “भाऊ, माझ्या सासूची पाठ सडली. म्हातारीजवळ बसू नका म्हणालात ना? आता चला माझ्याबरोबर, अडथळा दाखवते तुम्हाला. हाताने धुवायचाय तो.” भाऊ हसरा चेहरा ठेवून म्हणाले, “बहिणीसाठी प्रार्थना करू या,” आणि वादकांना खूण केली. ढोलाच्या गजरात तिचा आवाज कुठल्या कुठे गेला. माइक कधी बंद झाला ते तिला कळलंही नाही.

तिथून ती तडक चर्चमध्ये आली. पाळकसाहेब फडक्याने बाकं पुसत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे त्यांच्या अंगावर फेकलं. मग म्हणाली, “तुम्ही का नाही अडवलंत मला? तुम्हाला दिसत नव्हतं?”

“दिसत होतं. रविवारी दोनदा बोललो त्यावर.”

“तुमचं बोलणं ऐकतं कोण!”

पाळकसाहेबांनी फडकं आपटलं. त्यांना आपटताना तिने प्रथमच पाहिलं. “हो, नाही ऐकत कोणी. आणि घरी येऊन सांगायला हवं होतं, ते नाही सांगितलं. का, तर मला तुमचा हेवा वाटत होता. मी तरुणपणी कितीतरी शिबिरांना गेलो. आजूबाजूला माणसं पडायची, रडायची, आणि मी खांबासारखा उभा. मला आजतागायत काही झालेलं नाही. काही म्हणजे काही नाही.”

“मग टिकलात कसे?”

“रविवार येतो,” ते चिडून म्हणाले. “चर्च उघडायला दुसरं कोणी नसतं.”

“हे काय उत्तर झालं?”

“माझ्याकडे एवढंच आहे.”

ती जायला निघाली आणि दारातून वळून तिने विचारलं, “मग मला जे झालं ते खोटं होतं का?”

“खोटं कशाला असेल? तुम्हाला त्याने जवळ घेतलं. पण जवळ घेतलं की माणूस लगेच मोठा होतो असं कुणी सांगितलं? लेकराला पण जेवून, पडून, चालूनच मोठं व्हावं लागतं. घरी जा आता. त्यांची कूस बदलायची वेळ झाली असेल.”

ती रागारागात घरी गेली. इतकं बेचव उत्तर तिला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. पण कूस बदलायची वेळ खरंच झाली होती.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. सकाळी उठून जखम धुवायची, पट्टी बदलायची, उशा लावायच्या, कामावर जायचं, परत आलं की पुन्हा तेच. सासूबाईंची जीभ हळूहळू ताळ्यावर, म्हणजे मूळ पदावर आली. “हात आहे की खवणी?” त्या ओरडायच्या. आत ऊब नव्हती, गाणं नव्हतं. शिबिरात एकदा केलेली माफी तिला आता रोज सकाळी नव्याने करावी लागायची, आणि तिच्यात काडीची गोडी नव्हती. काही सकाळी जमायचं नाही. मग ती दात आवळून नुसती पट्टी बदलायची. खाटेशेजारी बसून प्रार्थना करायची तीही तिच्याच आवाजात: “ऐकतोयस का? नसशील ऐकत तर राहिलं. मी बोलणारच. माझी लेक तुझं नाव काढत नाही, त्यात माझी चूक आहे, पण तू काय करतोयस?”

सासूबाई एकदा म्हणाल्या, “ही प्रार्थना की भांडण?”

“भांडण. तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, सोडून गेले का? त्यालाही सोडणार नाही.”

थोड्या वेळाने सासूबाई स्वतःशीच आमेन म्हणाल्या.

जखम भरायला फार वेळ लागला, पण भरली. पुढच्या थंडीत सासूबाई छातीच्या दुखण्याने गेल्या. बाळाबद्दलचं ते वाक्य परत घ्यायचं राहिलंच. शेवटच्या दिवसांत ती वाट बघत होती, लाज वाटावी इतक्या आशेने वाट बघत होती. त्यांनी पाणी मागितलं, नातीला जवळ बोलावलं, मुलाची गाडी कुठवर आली विचारलं, आणि गेल्या. दफनाच्या वेळी ती रडली ती दुःखाने किती आणि संतापाने किती, हे तिचं तिलाच ठाऊक. पाळकसाहेबांनी नेहमीसारखाच रटाळ उपदेश केला. ती शेवटपर्यंत जागी राहून ऐकत होती.

धुलाईघरात तिला अजून तोफच म्हणतात. ती अजून ओरडते. फरक इतकाच, की ओरडून झाल्यावर थोड्या वेळाने त्या माणसाकडे परत जाते, आणि काय बोलावं ते न सुचल्याने त्याच्या गाडीतल्या चार चादरी मुकाट्याने निवडून देते. शिबिराचं कुणी विचारलं तर म्हणते, “झालं होतं. खरं होतं.” जास्त सांगत नाही.

लेक आता नोकरी करते. बऱ्याच वर्षांनी ती एका रविवारी चर्चला आली, मधूनमधून येऊ लागली. शेवटच्या बाकावर बसते, हाताची घडी घालून, गाणं न म्हणता. का येते ते तिने सांगितलेलं नाही. आई पुढच्या बाकावर असते. मागे वळून बघण्याची, हाताला धरून तिला पुढे आणण्याची, ‘म्हण की एक कडवं’ असं दरडावण्याची तिला इतकी ऊर्मी येते की ती बाकाची कड धरून बसते. वळत नाही. आणि आपल्याला वळता येत नाही याचाही तिला भयंकर राग येतो.