वरच्या मजल्यावरचे पाव्हणे

आमच्या डोक्यावरचं घर कधी रिकामं नसायचं, हे माझं खरं दुखणं. आवाज ही नंतरची गोष्ट. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘त्यांच्याकडे फार माणसं येतात’ अशी तक्रार करता येत नाही. ‘आवाज फार होतो’ अशी करता येते. म्हणून मी आवाजाला धरून बसले.

उस्मानपुऱ्यातली आमची बिल्डिंग जुनी आहे, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. दुसऱ्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको दोघंच. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. दसऱ्याच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर नवं कुटुंब आलं. माणूस चितेगावच्या कुठल्याशा कारखान्यात कामाला, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि दोन शाळकरी मुली. माणसं पाच, पण पाचच माणसं त्या घरात असल्याचं मला आठवत नाही. आज कुणी दवाखान्यात दाखवायला आलंय, उद्या कुणाची कोर्टात तारीख, परवा कुणाची परीक्षा. ज्याला शहरात काम निघेल तो यांच्याकडे. जिन्यात चपलांचा ढीग, आणि वर ठोकाठोकी, हसणं, हाका. मिरच्यांचा ठेचा करायचा तर मिक्सर नाही, खलबत्ताच. तोही जमिनीवर, म्हणजे माझ्या छतावर.

त्यात आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. त्यामुळे वरचं बोलणं गाळून न घेता खाली येतं. पुढं पुढं तर मधूनच त्या दोन पोरी ओरडायच्या, “पाव्हणं आले! पाव्हणं आले!” मग म्हातारीचा आवाज, “अगं, आधी पाणी दे त्यांना. चहा टाक.” मी खाली एकटीच भाजी चिरत उभी असायची, आणि माझा जळफळाट व्हायचा. दुसरा शब्द नाही त्याला.

त्याला कारण आहे. मला माहेर नाही. दौलताबादचा किल्ला मागं टाकून आत गेलं की आमचं गाव लागतं. मी चौथीत असताना वडिलांनी घर आणि शेत विकून टाकलं आणि शहरात नोकरी धरली. भाऊ मला नाही. माझं लग्न ठरायच्या आधीच वडील गेले, लग्न मामाने उरकलं, पहिल्या दिवाळीच्या आतच आई गेली, मागोमाग मामाही गेला. दिवाळी झाली की बिल्डिंगमधल्या साठी ओलांडलेल्या बायकाही पिशवी भरून ‘चार दिवस जाऊन येते’ म्हणतात. मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालते. एकीनं मला एकदा सहज विचारलं, “तुम्ही नाही जात कुठं?” तिच्या मोगऱ्याला त्या वर्षी पाणी जरा कमीच पडलं.

तर वरच्यांना समज द्यायला मी नवऱ्याला पाठवायचं ठरवलं. मी बोलायला गेले की भांडण होतं, हा त्यांचा आणि माझा दोघांचाही अनुभव. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे. घरात तर इतकं मोजून की पाहुण्यांना वाटावं आमचं काही बिनसलंय. मी म्हटलं, “स्पष्ट सांगा. खाली माणसं राहतात म्हणावं.” ते चपला घालून गेले.

बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा मिशीला काहीतरी लागलं होतं.

“सांगितलं?”

“सांगितलं. कमी करतो म्हणाले.”

“आणि खाल्लं काय?”

“सीताफळ. हातावर ठेवलं त्यांनी. नाही कसं म्हणणार? दौलताबादकडचे आहेत कुठले तरी.”

दौलताबादकडचे म्हटल्यावर मी विचारायला हवं होतं, कुठले? पण तिकडं गावं काय थोडी आहेत? आणि विचारलं असतं तर कधीतरी उलटा प्रश्न आला असता, ‘तुमचं कोण असतं तिथं?’ ‘कुणी नाही’ हे उत्तर आयुष्यभर देऊन मला त्याचा वीट आला होता.

आवाज काही कमी झाला नाही. मग आठवड्यातून एकदा तरी यांना वर पाठवणं हा आमच्या घरातला रिवाजच पडला. आणि दर वेळी तेच नशीब. मी पाठवलेला माणूस वर पोचतो न पोचतो तोच डक्टमधून ओरडा यायचा, “पाव्हणं आले!” म्हणजे नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे कुणीतरी येऊन टपकायचं. मी मनात म्हणायची, झालं, आता यांचं बोलणं राहिलंच. वर पाट सरकवल्याचा आवाज, ताटं, हशा. एकदा त्या हशात मला माझ्या नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. आधी मी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ऐकलं असेल ते हसणं, नंतर कुठं गेलं कुणास ठाऊक. आता सापडलं ते लोकांच्या घरात.

त्यांचे शर्ट धुताना खिशात सीताफळाच्या काळ्याभोर बिया निघाल्या. दुसऱ्या बायकांना नवऱ्याच्या खिशात काय काय सापडतं आणि त्या संतापतात. मी बियांवर संतापले. एकटे खाता ते खाता, वर बिया घरी आणता? ते म्हणाले, “तिथं थुंकायला बरं दिसत नाही.”

वरच्या बाईबद्दलही माझ्या मनात अढी बसली होती. जिन्यात भेटली की ती डोक्यावर पदर ओढून भिंतीला लागून उभी राहायची आणि मला आधी जाऊ द्यायची. मला वाटायचं, नाटकं करते. वर पुन्हा चौकशी, “गुडघे कसं हायती आता?”

माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? रोज दोन मजले चढते-उतरते मी. “बरे आहेत,” असं तुटकपणे म्हणून मी पुढं गेले. पुन्हा एकदा भेटली तर म्हणे, “उपास सोडला का नाय?” तो दिवस उपासाचा नव्हताच. ही बाई मला म्हातारी ठरवतेय, नाहीतर माझी थट्टा करतेय, यापलीकडे माझं डोकं गेलं नाही. घरी येऊन यांना सांगितलं तर ते पेपरात तोंड घालून बसले.

उन्हाळ्यात अधिक महिना लागला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलावून, शेजारी शेजारी पाटावर बसवून, पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे. जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, इतके अधिक महिने आले आणि गेले, आम्हाला कुणी बोलावलं नाही. बोलावणार कोण? त्या महिन्यात मी मुद्दाम कुणाच्या घरी जात नाही.

एका सकाळी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. म्हणाले, “पेन्शनवाल्यांची बैठक आहे. जेवायला थांबू नकोस.” नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्या शहरात तो दिवस सणासारखा असतो, मी पिंप भरत होते. तेवढ्यात डक्टमधून पुरण शिजल्याचा वास आला. मागोमाग वेलदोडा कुटल्याचा आवाज. आणि मग पोरींचा ओरडा, “पाव्हणं आले! पाव्हणं आले!”

म्हातारी म्हणाली, “दोन पाट मांडा गं. रांगोळी काढा.”

लेक-जावई आलेत तर. मी पिंपाजवळच बसून राहिले. आपल्या डोक्यावर, आपल्याच छताच्या पलीकडं, कुणाच्या तरी लेकीला आज ओवाळणार. ती नवी साडी अंगाला लावून बघणार, आई म्हणणार रंग खुलतो तुला. मला ते सहन झालं नाही. खरं सांगते, कुणाच्या दागिन्यांवर कधी माझी नजर गेली नाही, पण त्या न पाहिलेल्या बाईचा मला असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या पाण्याचा राग आला. आज बैठक असो नाहीतर काही असो, यांच्यावाचून माझं अडत नाही, मीच जाऊन सांगते, असं म्हणत मी ओल्या साडीनिशीच वर चढले.

दार उघडं होतं. भांडणाचं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं.

समोर पाटावर माझा नवरा बसला होता. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, कपाळावर गंध, आणि चेहरा असा की जणू आज त्याचं लग्न आहे. शेजारी दुसरा पाट, त्याच्याभोवतीही रांगोळी. त्या पाटावर कुणी नव्हतं.

मला बघून त्यांचा हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला. वरची बाई निरांजन घेऊन उभी होती, ती हरखून सासूला ओरडून म्हणाली, “आत्याबाई, वन्सं आल्या! गुडघे दुखत असून आल्या बघा!”

वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. मी मागं वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

म्हातारी भिंतीला धरून उठली. जवळ येऊन तिनं माझी हनुवटी धरली. “आईवर गेलीस. आम्ही दोघी एका आडावर पाणी भरायचो गं. लई दिस झाले, मी म्हणते ह्यांना, आमच्या गावच्या लेकीला घेऊन या की एकदा. तर कधी तुझे गुडघे, कधी उपास. कधी म्हणे रागात हाय, आवाज सहन होत नाय. म्हटलं, माहेरच्यांचा राग लेकीनं करायचा नाय तर कुणी करायचा?” मग माझ्या नवऱ्याकडं वळून, “व्हय का नाय, पाव्हणं?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पाव्हणं म्हणजे जावई. आमच्याकडे घरच्या जावयालाच काय, गावातल्या कुणाच्याही जावयाला पाव्हणं म्हणतात. गावची लेक ज्याला दिली तो सगळ्या गावाचा जावई. लहानपणी हे मला पाठ होतं, शहरात येऊन पार विसरले. तो ओरडा आल्यागेल्यासाठी नव्हताच. मी ज्याला भांडायला पाठवत होते त्याच्यासाठी होता. पहिल्याच दिवशी वरच्या माणसानं रीतीप्रमाणं नातं काढायला सुरुवात केली असणार, तुमचं गाव कोणतं, बाईंचं माहेर कोणतं. आमचे हे बोलून गेले, आणि त्या क्षणी त्यांना सासर मिळालं.

म्हणजे मला माहेर मिळालं होतं. माझ्या डोक्यावर, एक जिना चढून. आणि मला सोडून बाकी सगळ्यांना ते माहीत होतं.

मी पाटावर बसले. ओवाळून घेतलं. वरच्या माणसानं, म्हणजे माझ्या भावानं, लाजत लाजत मांडीवर साडी ठेवली. मी धोंडे खाल्ले, तूप ओतून खाल्ले, आणि शेजारच्या पाटाकडं एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर मात्र मी तोंडाचा पट्टा सोडला. “माझं माहेर तुम्ही एकट्यानं खाल्लंत. सीताफळासकट. थापा मारून मला खाली ठेवलंत. का?”

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “मला जावई म्हणून कुणी कधी बोलावलं होतं? माझ्या भावांचे दिवाळसण झाले, ते सासरच्या गोष्टी सांगायचे, मी ऐकायचो. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मग मी तुझ्या मागून पिशवी घेऊन आलेला माणूस. ते तुझ्याशी बोलत बसले असते.”

“आणि मी? मला माहेर नव्हतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“होतं,” ते म्हणाले. “म्हणूनच सांगवेना. एकदा तुला मिळालं की तू कुणाला वाटेकरी करशील असं वाटलं नाही.”

माणूस इतकी वर्षं गप्प राहून मला इतकं ओळखून असेल याची कल्पना नव्हती. मी चिडले, पण खोटं आहे असं म्हणू शकले नाही.

आता आवाजाची तक्रार बंद आहे. वर खलबत्ता वाजला की आम्ही दोघं एकमेकांकडं चोरून बघतो. ते म्हणतात, जरा पाय मोकळे करून येतो. मी म्हणते, बसा, कडक ऊन आहे. तेवढ्यात मी पदर खोचलेला असतो. परवा दोघंही एकदमच उठलो. चपला शोधण्यात त्यांचा वेळ गेला, मी अनवाणीच जिना चढले. पोरींनी दार उघडलं, “आत्या आली!” म्हणून गळ्यात पडल्या. खाली जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, दमानं, एक एक पायरी. मी आत गेले, दार लावून घेतलं आणि वरची कडी घातली.