आपांच्या टेबलावरचा समुद्र

सोलापूरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या टायपिंगवाल्या आपा अर्थ कळल्याशिवाय एकही शब्द टाईप करत नसत. स्वतःला कळून भागत नसे. समोरच्या पक्षकाराला तो कळला पाहिजे आणि त्यानं आपल्या भाषेत सांगून दाखवला पाहिजे. तोवर त्यांची बोटं हवेत. एकदा ती इतका वेळ थांबली, की चिमणीनं काडी आणून त्यांच्यावर घरट्याचं माप घेतलं. मी तेव्हा कोवळा वकील. 'विदाऊट प्रेज्युडिस' असं लिहिलेली नोटीस घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "वकीलसाब, म्हंजे क्या?" मी खोकलो. "खोकला झाला. आता अर्थ?" 'आपला हक्क अबाधित ठेवून' हा अर्थ शोधायला त्या दिवशी घरी जाऊन मी कायद्याचं पुस्तक उघडलं. सनद मिळाल्यानंतर पहिल्यांदाच.

पण आपांचा खरा जीव समुद्री कायद्यात. समुद्र म्हणाल तर त्यांनी पाहिलेला नव्हता. सिद्धेश्वर तलावाच्या काठीसुद्धा त्या पदर सावरून चार हात लांब उभ्या राहत. पूर्वी त्या ज्या म्हाताऱ्या वकिलांकडे कामाला होत्या, त्यांच्याकडे जहाजात भिजलेल्या सोलापुरी टॉवेलांचा खटला आला होता. त्यासाठी विटेएवढं पुस्तक मागवलं गेलं. खटला तडजोडीत मिटला, वकील वारले, पुस्तक आपांकडे राहिलं. त्यांनी ते सात वेळा वाचलं. सातव्या वेळी म्हणे पानांना मिठाचा वास येऊ लागला.

तेव्हापासून परदेशात माल पाठवणारे टॉवेलवाले आपांकडेच. एका शेठजींच्या करारात 'जनरल ॲव्हरेज' आलं. आपा म्हणाल्या, "जहाज बुडायला लागलं की हलकं करायला थोडा माल समुद्रात टाकतात. तुमचे टॉवेल गेले, बाकीच्यांचा माल वाचला, तर नुकसान सगळ्यांनी मिळून सोसायचं. आता तुम्ही सांगा." शेठजींनी डोळे मिटले. "म्हणजे सहलीला निघालो, गाडी चढंना, म्हणून माझा डबा खाली ठेवला, तर सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं मला द्यायचं." "शाब्बास!" म्हणत आपांची बोटं की-बोर्डवर पडली.

एका दुपारी माढ्याच्या सुभद्राबाई आल्या. सोबत खलाशी भरती करणाऱ्या एजंटचा गॉगलवाला माणूस. बाईंचा मुलगा दत्ता मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाज परदेशी बंदराबाहेर दोन महिने नांगर टाकून उभं. मालक फोन उचलत नव्हता, पगार बंद, तांदूळही संपत आलेला. एजंटचं म्हणणं एवढंच, की आईनं एक प्रतिज्ञापत्र द्यावं, पोरगं आठवड्यात घरी. मजकूर होता : 'माझा मुलगा स्वतःच्या मर्जीने जहाज सोडत आहे. मालकाविरुद्ध आमची तक्रार नाही.'

बोटं हवेत थांबली. "अक्का, अर्थ सांगा."

"मला काय कळतंय? पोरगं घरी येतंय म्हंत्यात."

"तसं कुठं लिहिलंय?"

सुभद्राबाईंनी बोट ठेवून कागद वाचला. चौथीपर्यंतची शाळा, पण बोट ढळलं नाही. "हितं घरी यायचं तर कायच न्हाय. माझा दत्ता आपल्या मनानं निघाला, असं हाय. आन् मालकानं त्याला टाकला, ते कुटं हाय?"

"हौ!" आपांनी टेबलावर अशी थाप मारली, की आत न्यायाधीशांनी दचकून पुढची तारीख दिली. "मालकानं पगार, खाणंपिणं बंद करून खलाशाला वाऱ्यावर सोडलं, तर ते ॲबंडनमेंट. मग त्याला घरी पोचवायची जबाबदारी मालकाचीच. पण पोरगं आपल्या मर्जीनं निघालं असं आईनंच लिहून दिलं, की मालक हात झटकून मोकळा!"

"नुसती फॉर्मॅलिटी आहे हो," गॉगलवाला म्हणाला.

"मग तिचाच अर्थ सांगा, लगेच टाईप करते."

तो पाणी प्यायला गेला. अजून पितोच आहे.

आपांनी मला सुभद्राबाईंच्या फोनवरून दत्ताला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. गालफडं बसलेला चेहरा दिसला. सुभद्राबाईंनी तोंडात पदर धरला. आपा म्हणाल्या, "अक्का, रडू नक्को. बेटा, जेवता तिथल्या भिंतीवर एक कागद असेल बघ. मालकानं असं सोडलं तर खर्च कुठली विमा कंपनी उचलणार, ते त्यावर असतं. जहाजावर तो लावावाच लागतो."

फोन हलत हलत गेला. "हाय की, आपा! रोज ह्याच्याच खाली बसतो आमी."

"काय करता बसून?"

"उपाशी बसतो."

त्या कागदाचा फोटो आला आणि आपांनी जे टायपिंग केलं, त्यानं प्रिंटरमधून धूर निघाला. विमा कंपनीला एक अर्ज, ज्या देशाचा झेंडा जहाजावर होता त्या देशाला एक, मुंबईच्या जहाज खात्याला एक. रोज स्मरणपत्र. तीन आठवड्यांनी दत्ता आला, आणि त्याच कागदाच्या जोरावर जहाजावरचे बाकीचेही आपापल्या घरी पोचले. कोण मल्याळीत, कोण भोजपुरीत आपांना फोन करी. आपा सगळ्यांना "हौ बेटा" म्हणत आणि जेवलास का विचारत.

यंदा गुडघ्यांनी संप केला, तशा आपा अकलूजला लेकीकडे राहायला गेल्या. लिंबाखाली आता दुसरं टेबल आहे. तिथं काहीही टाईप करून मिळतं.

गेल्या महिन्यात दत्ता पुन्हा जहाजावर निघाला. मागच्या करारावर त्यानं टेम्पोच्या बॉनेटवरच, न वाचता सही केली होती. या वेळी नव्या एजंटच्या ऑफिसात सुभद्राबाई आणि मी त्याच्या दोन बाजूंना. तीन तास झाले, चहा चारदा आला, एजंटचा रुमाल घामानं भिजला.

"अहो, सही करा, जहाज निघून जाईल!"

दत्ता कलमावर बोट ठेवून त्याचा अर्थ मला सांगत राहिला. आईच म्हणाली, "जाऊ द्या की. सातवं पान चाललंय, अजून बारा हायत."